जमीन कोण धरतं? हार्ड बॉपकडून फ्री जॅझकडे नेणाऱ्या चार सापडलेल्या अल्बमांपैकी आधी कोणता घ्यावा

आर्ट डेव्हिस हा बासवादक सापडलेल्या दोन अल्बमांत आहे. एकात तो जेमतेम ऐकू येतो. दुसऱ्यात त्याने बासवरून हात उचलला, तर सगळी इमारत खाली येईल. दोन्ही ध्वनिमुद्रणं साठच्या दशकातली, दोन्ही पन्नासहून अधिक वर्षं अंधारात पडून राहिलेली, आणि दोन्हींत हार्ड बॉपच्या, म्हणजे ठेका आणि धून पक्की धरणाऱ्या जॅझच्या, भाषेत वाढलेली माणसं ही चौकट सोडून देणाऱ्या फ्री जॅझच्या उंबरठ्यावर उभी आहेत. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक अल्बम हात धरून आत नेतो, तर दुसरा दारातच गोंधळात टाकू शकतो. हा फरक कशामुळे पडतो, ते कळलं की यांतलं कोणतं आधी घ्यावं हेही बरंचसं ठरतं.

हे लिहितोय ते एका विशिष्ट श्रोत्यासाठी. आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर, ली मॉर्गन हे हार्ड बॉपचे वादक त्याला मनापासून आवडतात. पाय आपोआप ठेका धरतात, धून दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा गुणगुणता येते. मग कुणीतरी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचं किंवा शेवटच्या काळातल्या जॉन कोल्ट्रेनचं फ्री जॅझ ऐकवतो आणि सगळे एकाच वेळी बोलताहेत असं वाटतं. त्याला मधला रस्ता हवा आहे आणि सुरुवातीला एकच अल्बम घ्यायचा आहे. माझ्यासमोर चार पर्याय आहेत: कोल्ट्रेनचे ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ आणि ‘ईव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’, हसन इब्न अलीचा ‘मेटाफिजिक्स’ आणि अँड्र्यू हिलचा ‘पासिंग शिप्स’. १९६१ ते १९६९ या काळात वाजवलेले, आणि २००३ ते २०२३ या काळात लोकांसमोर आलेले.

आधी थोडं ठेक्याबद्दल. हार्ड बॉपची रचना आपल्या कानांना वाटते तितकी परकी नाही. बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचं एक आवर्तन असतं, ते सतत फिरत राहतं, आणि एकल वादक त्यावर आपली कल्पना मांडतो. तबल्याचा ठेका चालू असताना गायक लयीशी खेळतो आणि आपण समेची वाट बघतो, तसंच काहीसं. मोठा फरक असा की इथलं आवर्तन नुसतं काळाचं नसतं, ते स्वरसंघातांचंही, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचंही असतं. प्रत्येक मात्राखंडाखाली पियानो आणि बास वेगळी जमीन अंथरत जातात आणि वादकाला त्या त्या जमिनीवर पाय ठेवून चालावं लागतं. फ्री जॅझने ही जमीनच काढून घेतली. आधी स्वरसंघात गेले, मग आवर्तन गेलं, काही ठिकाणी नियमित लयही गेली. पण हे एका रात्रीत झालं नाही. मधल्या काळात एक गोष्ट सुटायची तेव्हा दुसरी कुणीतरी घट्ट धरून ठेवायचं. म्हणून या काळातला कुठलाही अल्बम ऐकताना मी एकच गोष्ट शोधतो: वरचं सगळं सुटत असताना जमीन कोण धरतं? कधी ड्रम्स, कधी बास, कधी कागदावर लिहिलेली मांडणी. तुमच्या पायांना कुठली जमीन ओळखीची वाटते, त्यावर तुमची निवड ठरेल.

बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स

दुकानात विचारलं तर बहुधा हाच अल्बम आधी हातात ठेवला जाईल, कारण नाव मोठं आणि गोष्टही मोठी. ६ मार्च १९६३ रोजी कोल्ट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स ही चौकडी न्यू जर्सीतल्या इंगलवुड क्लिफ्स इथे रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत गेली. त्या दिवसांत ते न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये वाजवत होते. दुपार स्टुडिओत आणि रात्र क्लबात. दुसऱ्याच दिवशी त्याच स्टुडिओत गायक जॉनी हार्टमनबरोबरचा तो अतिशय हळवा अल्बम झाला. सहा तारखेच्या मूळ टेपा मात्र कंपनीच्या साठ्यातून नाहीशा झाल्या. वाचली ती एक मोनो टेप, कोल्ट्रेनने घरी ऐकण्यासाठी नेलेली. ती त्याची पहिली पत्नी नैमा हिच्या कुटुंबाकडे राहिली आणि २०१८ मध्ये इम्पल्स कंपनीने त्या टेपेवरून अल्बम काढला. निर्मितीत कोल्ट्रेनचा मुलगा रवी होता. पंडित रविशंकरांवरून ज्याचं नाव ठेवलं, तोच हा सॅक्सोफोनवादक. ही टेप म्हणजे पिरॅमिडमध्ये नवी खोली सापडावी तसं आहे, असं सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स म्हणाला होता. साठच्या दशकात पवईच्या आश्रमात राहून गेलेला आणि १९७८ साली मुंबईच्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजवलेला रॉलिन्स तो हाच.

ऐकायला हा अल्बम सुरेख आहे. मोनो असूनही आवाज भरीव आहे, एल्विनचे झांज-ठोके खोलीत शेजारी वाजल्यासारखे येतात. नाव न ठेवलेल्या दोन रचना आहेत, नुसत्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या. ११३८३ मध्ये गॅरिसन गज घेऊन बास वाजवतो तो तुकडा मला फार आवडतो. ११३८६ मध्ये एकल वादनांच्या मधे पुन्हा पुन्हा मूळ धून येते. त्या काळातला कोल्ट्रेन असं क्वचित करायचा. नवख्या कानाला या गोष्टीची मोठी मदत होते, कारण हरवायला लागलं की धून येऊन हात धरते. ‘नेचर बॉय’ तीन-साडेतीन मिनिटांत संपतं, पण त्याच्यात एकाच जागी घोटाळत राहण्याची जी ओढ आहे, ती पुढे कुठे जाणार हे ऐकू येतं. ‘इम्प्रेशन्स’मध्ये टायनर बाजूला राहतो. पियानो गेला की स्वरसंघातांची जमीन पातळ होते आणि कोल्ट्रेनला बाजूला सरकायला जागा मिळते.

मग हाच आधी का घेऊ नये? कारण हार्ड बॉपकडून फ्री जॅझकडे नेणाऱ्या पुलावरून जाताना जो ताण असतो, तो या दिवशी थोडा कमी आहे. ही एका महान चौकडीची एक कामाची दुपार आहे. काही गोष्टी त्यांनी करून बघितल्या, काही अर्ध्यावर सोडल्या. ‘विलिया’ ही संगीतकार लेहारच्या ऑपेरेटामधली धून गोड आहे, पण ती पुलाच्या अलीकडची. शिवाय त्यांनी स्वतः हा अल्बम म्हणून रचला नव्हता. वाक्याच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही दिशांना एकाच वेळी जायचं, असं काहीतरी कोल्ट्रेन सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरला सांगायचा, त्यावरून हे शीर्षक नंतर दिलेलं आहे. शीर्षक जेवढं सांगतं तेवढं प्रत्येक रचनेत घडत नाही. कोल्ट्रेन तुम्हाला आधीच प्रिय असेल तर हा अल्बम घ्याच. तो नसेल, तर या टेपेला जे वजन आहे ते जाणवायला आधी त्याचं बाकीचं काम ऐकलेलं असावं लागतं.

आवृत्तीबद्दल एवढंच: एक तबकडी पुरे. दोन तबकड्यांच्या मोठ्या आवृत्तीत ‘इम्प्रेशन्स’चे एकूण चार टेक, म्हणजे तीच रचना वाजवण्याचे चार प्रयत्न आहेत आणि ते एकापाठोपाठ ऐकताना आनंद होतो, पण तो आनंद अभ्यासाचा आहे. पहिल्या भेटीत तीच धून चौथ्यांदा आली की कान थकतात.

ईव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट

ऑगस्ट १९६१. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला व्हिलेज गेट क्लब. रिचर्ड ऑल्डरसन हा तरुण ध्वनितंत्रज्ञ तिथली नवी ध्वनियंत्रणा तपासत होता आणि त्यासाठी त्याने मंचाच्या वर एकच रिबन मायक्रोफोन टांगून टेप फिरवली. अल्बम काढायचा म्हणून कुणी काही करत नव्हतं. या टेपा पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात जाऊन पडल्या आणि २०२३ च्या जुलैमध्ये बाहेर आल्या.

या रात्री कोल्ट्रेनबरोबर एरिक डॉल्फी आहे. हार्ड बॉपकडून फ्री जॅझकडे जाण्याचा रस्ता एखाद्या माणसाच्या रूपात बघायचा असेल, तर डॉल्फीकडे बघावं. त्याला स्वरसंघात पूर्ण पाठ असायचे, आवर्तन तो कधी चुकायचा नाही, आणि तरी त्याचे स्वर अशा उड्या मारतात की पुढचा पाय कुठे पडणार याचा अंदाज लागत नाही. ‘व्हेन लाइट्स आर लो’ ही बेनी कार्टरची जुनी, सभ्य धून. त्यावर डॉल्फी बास क्लॅरिनेट घेतो आणि ते खोल, लाकडी, घोगरं वाद्य माणसासारखं बोलायला लागतं. हसतं, कुरकुरतं, मधेच किंचाळतं, पण खालची धून मोडत नाही. ‘माय फेव्हरेट थिंग्ज’मध्ये तो बासरी घेतो. पाश्चात्त्य बासरी आडवीच, पण धातूची, आणि त्याच्या ओठांवर ती पक्ष्यासारखी वाजते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ‘डाउनबीट’ मासिकात जॉन टायनन या समीक्षकाने कोल्ट्रेन आणि डॉल्फीच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ म्हटलं. ते वाचून झालं की ही टेप लावावी. टायननला काय खुपलं ते पंधरा मिनिटांत कळतं, आणि त्याने काय ऐकलंच नाही तेही कळतं. पुढच्या वर्षी दोघांनी त्याच मासिकात शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. डॉल्फीला त्यानंतर फार वेळ मिळाला नाही. जून १९६४ मध्ये तो बर्लिनमध्ये वारला, तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

पाच रचना, ऐंशी मिनिटं. शेवटची ‘आफ्रिका’ बावीस मिनिटांहून जास्त चालते. स्टुडिओत ही रचना कोल्ट्रेनने मोठ्या पितळी वाद्यवृंदाबरोबर केली होती. क्लबात तो वृंद नाही, त्याऐवजी दोन बास आहेत: रेजी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस. स्टुडिओबाहेर वाजवलेली ‘आफ्रिका’ म्हणून माहीत असलेली ही एकच टेप.

आता अडचण. एकच मायक्रोफोन असल्याने त्याला जे जवळ आणि मोठं, ते त्याने धरलं. एल्विन जोन्सचे ड्रम्स अंगावर येतात. दोन्ही सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट स्पष्ट आहेत. पियानो मागे राहतो आणि बास कित्येकदा नुसता अंदाजाने ऐकावा लागतो. म्हणजे इथली जमीन एकट्या एल्विनच्या हातात आहे, आणि एल्विन ती सपाट धरत नाही. तीन-तीन लयी एकमेकींवर रचून तो ती हलती ठेवतो. ज्याला तालवाद्यं कळतात, ज्याने लहानपणापासून तबला-पखवाज किंवा ढोल-ताशा ऐकला आहे, त्याला ही हलती जमीन आवडेल. इथे आपल्याकडच्या श्रोत्याला खरोखर एक फायदा आहे, असं मला वाटतं. पण ज्याचा कान बासच्या चालण्यावर, त्या टप-टप पुढे जाणाऱ्या सुरांवर विसंबून असतो (आणि हार्ड बॉप ऐकणाऱ्या बहुतेकांचा असतोच), त्याला ऐंशी मिनिटं पायाखाली काहीतरी कमी वाटत राहील. संगीत अवघड म्हणून नव्हे, मायक्रोफोन एकच होता म्हणून. हा भेद लक्षात न घेता कुणी हा अल्बम आधी घेतला आणि ‘मला फ्री जॅझ जमत नाही’ असं ठरवून मोकळा झाला, तर त्याचं मला खरंच वाईट वाटेल.

मेटाफिजिक्स

आता मी ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहितोय तो अल्बम.

हसन इब्न अली हा फिलाडेल्फियाचा पियानोवादक, जन्म १९३१. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्या शहरात त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या तरुणांत कोल्ट्रेनही होता. कोल्ट्रेनची ती प्रसिद्ध, स्वरांचे पडदेच्या पडदे अंगावर सोडण्याची शैली घडण्यात हसनचा वाटा होता, असं फिलाडेल्फियाचे वादक सांगत आले. हसनच्या हयातीत त्याचा एकच अल्बम निघाला. डिसेंबर १९६४ मध्ये ड्रमवादक मॅक्स रोचने त्याला आपल्या त्रिकुटात घेतलं, सगळ्या रचना हसनच्या, बासवर आर्ट डेव्हिस. तो अल्बम १९६५ मध्ये अटलांटिक कंपनीने काढला. त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अटलांटिकनेच हसनच्या स्वतःच्या चौकडीचं ध्वनिमुद्रण केलं. टेनर सॅक्सोफोनवर सव्वीस वर्षांचा ओडिअन पोप, ड्रम्सवर कलील मादी, आणि बासवर पुन्हा आर्ट डेव्हिस. त्यानंतर हसन अमली पदार्थांच्या प्रकरणात तुरुंगात गेला आणि कंपनीने अल्बम बाजूला ठेवला.

१९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांच इथलं अटलांटिकचं गोदाम जळालं आणि मूळ टेपा गेल्या. हसनच्या कुटुंबाचं घरही त्याआधी आगीत गेलं होतं. त्यात त्याची आई गेली आणि त्याने लिहून ठेवलेल्या रचनाही जळाल्या. १९८० मध्ये हसन वारला. त्या वेळी हा अल्बम जगात कुठेही आहे, असं समजायला काहीच आधार नव्हता. पुढे कंपनीच्या संग्रहात एक प्रत सापडली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑम्निव्होर कंपनीने ती प्रसिद्ध केली. दोन आगींतून वाचलेला अल्बम आहे हा. ऐकताना मला ते विसरता येत नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

पण गोष्ट करुण आहे म्हणून मी याला वर ठेवत नाही. वर ठेवतो ते वाजवण्यासाठी. ‘अटलांटिक वन्स’ने सुरुवात होते. धून कोनाकोनांची आहे, पण धूनच आहे. सुरुवात, एकल वादनं, पुन्हा धून. मांडणी हार्ड बॉपची, अगदी शाबूत. ड्रम्स झांजेवर चालत राहतात, डेव्हिसचा बास एकेक पाऊल टाकत पुढे जातो, घट्ट, गोल, ठाम. या चौकटीत हसनचे दोन हात जे करतात ते मात्र चौकटीत मावत नाही. उजवा हात एवढ्या दाट, वेगवान ओळी टाकतो की त्या सुट्या स्वरांच्या न वाटता स्वरांच्या गठ्ठ्यांच्या वाटतात. डावा हात त्यांच्याखाली नेहमीचे स्वरसंघात न ठेवता अनपेक्षित ठिकाणी ठोके देतो. कधी वाटतं दोघं पियानोवादक एकाच बाकावर बसलेत आणि दोघांनाही घाई आहे. तरीही हसन आवर्तनाच्या शेवटी बरोबर जागेवर येतो. पहिल्यांदा ऐकताना ते लक्षात येत नाही. तिसऱ्यांदा बासचा हात धरून ऐकलं की येतं, आणि तेव्हा अंगावर काटा येतो. समेवर आलेल्या गायकाला जी दाद आपण देतो, ती त्या जागी माझ्या तोंडून आपोआप निघते.

ओडिअन पोप या सगळ्यात काय करतो, तेही कान देऊन ऐकण्यासारखं आहे. त्याचा सूर कोल्ट्रेनच्या जवळचा आहे, पण नक्कल नाही. हसनने आखलेल्या वाटेवर तो जरा दबकत शिरतो आणि मग एका टप्प्यावर सूर फाडतो, एका फुंकेत दोन-दोन स्वर काढतो, आवाज खरखरीत करतो. फ्री जॅझचं जे रूप लोकांना घाबरवतं, ते इथे एखाद्या वाक्यातल्या उद्गारासारखं येतं आणि वाक्य पुन्हा पुढे चालू लागतं. त्यामुळे ते ऐकणाऱ्याला कळतं. हा पोप पुढे अनेक वर्षं मॅक्स रोचच्या चौकडीत होता.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती संथ लयीतली वाजवणी. वेग काढून घेतला की हसनच्या हार्मनीतलं विचित्र सौंदर्य उघडं पडतं. एक स्वरसंघात तो असा ठेवतो की कानाला चुकला असं वाटावं, आणि पुढचा ठेवून तो पहिलाही बरोबर होता हे पटवून देतो. एल्मो होप आणि थेलोनियस मंक हे पियानोवादक ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल, पण इथे ती जास्त टोकाची आहे. शीर्षकरचनेत आणि ‘एपिटोम’मध्ये हे दोन्ही स्वभाव एकमेकांना भिडतात.

उणिवा आहेत. प्रत ती प्रतच. आवाज स्वच्छ असला तरी मूळ टेपेची खोली त्याला नाही, आणि दाट जागी पियानो थोडा घुसमटतो. कलील मादी हा काही एल्विन जोन्स नाही. तो ठेका धरून ठेवतो, संवाद फारसा करत नाही. काहींना ही उणीव वाटते. माझ्या मते पूल ओलांडणाऱ्यासाठी हेच चांगलं आहे. वर एवढी उलथापालथ चाललेली असताना खाली एक माणूस सरळ चालतोय, हे आपल्याला हवंच असतं. अल्बमच्या शेवटी काही रचनांचे वेगळे टेक जोडले आहेत. सुरुवातीचे काही दिवस ते ऐकू नका. मुख्य सात रचनांवर थांबा.

पासिंग शिप्स

अँड्र्यू हिलही पियानोवादक, शिकागोचा. त्याचंही जन्मवर्ष १९३१. हसनला जे लाभलं नाही ते त्याला लाभलं. ब्लू नोटसारखी कंपनी मिळाली, ओळीने अल्बम निघाले, आणि बाजूला पडलेला अल्बम स्वतःच्या डोळ्यांसमोर बाहेर आला. ‘पासिंग शिप्स’ नोव्हेंबर १९६९ मध्ये व्हॅन गेल्डरच्याच स्टुडिओत झाला. नऊ वादक: दोन ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, जो फॅरेलची अनेक फुंकवाद्यं, बासवर रॉन कार्टर, आणि ड्रम्सवर एकोणीस वर्षांचा लेनी व्हाइट. सत्तरच्या दशकात ब्लू नोटच्या साठ्यात शोध घेणाऱ्या मायकेल कस्कुनाने याचं एक मिश्रण, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवलेली प्रत ऐकली आणि ती विस्कळीत वाटून सोडून दिली. २००१ मध्ये वाद्यांचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेली मूळ बहुपदरी टेप हाती आली तेव्हा दोष वादनाचा नव्हता, मिश्रणाचा होता, हे कळलं. २००३ मध्ये अल्बम निघाला. हिल २००७ मध्ये गेला.

इथली जमीन लिहिलेली आहे. पाच-सहा फुंकवाद्यं एकमेकांना छेद देत जातात, त्यांच्या ओळी हिलने कागदावर नेमून दिल्यात, आणि एकल वादक त्या दाटीतून वाट काढतो. वुडी शॉचा ट्रम्पेट तर लखलखीत. ‘प्लँटेशन बॅग’ची चाल अंगात भिनते. ध्वनिमुद्रणाचा आवाज चारही अल्बमांत सर्वोत्तम. पण हा पूल बाजूने बघितल्यासारखा आहे. सुटण्याचा धोका कमी आणि रचनेचं सुख जास्त. ज्याला वाद्यवृंद आवडतो, जुन्या हिंदी चित्रपटगीतांतलं संयोजन ऐकताना मागच्या व्हायोलिन आणि ट्रम्पेटकडे ज्याचं लक्ष जातं, त्याने हाच आधी घ्यावा, आणि मी त्याला अजिबात अडवणार नाही. त्या गीतांमागेही गोव्याहून मुंबईला आलेले, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवणारे वादकच होते.

मग कोणता?

तुम्ही ब्लेकी-सिल्व्हरवर वाढला असाल, पियानोत रस असेल आणि खरोखर पलीकडे काय आहे ते बघायचं असेल, तर ‘मेटाफिजिक्स’. माझं उत्तर तेच आणि बहुतेकांसाठी तेच. तालाकडे ओढा असेल आणि जुनाट आवाज खपत असेल तर ‘व्हिलेज गेट’. सुबक मांडणी आणि स्वच्छ ध्वनिमुद्रण हवं असेल तर ‘पासिंग शिप्स’. कोल्ट्रेनचे दहा-बारा अल्बम घरात आधीच असतील तर ‘बोथ डायरेक्शन्स’, आणि तोही बहुधा सगळ्यांत शेवटी.

एलपी की सीडी, याबद्दल सरसकट सांगता येत नाही. ‘पासिंग शिप्स’साठी चांगल्या विनाइलवर खर्च करण्यात अर्थ आहे, कारण तिथे ऐकण्यासारखी खोली आहे. ‘व्हिलेज गेट’ आणि ‘मेटाफिजिक्स’ला सीडी पुरते, बाहेरून मागवलेल्या दोन तबकड्यांच्या एलपीवर जे पैसे जातील त्यांत हसनचा मॅक्स रोचबरोबरचा अल्बमही येईल, आणि तो घरात असायलाच हवा. हसनच्या एकट्याच्या पियानोवादनाचा संग्रहही २०२१ मध्येच निघाला आहे, पण तो नंतर. तिथे जमीन धरायला दुसरं कुणीच नाही. विकत घ्यायच्या आधी स्ट्रीमिंगवर ऐकून बघायचं असेल तर जरूर बघा. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बास येत नाही, आणि बास नसेल तर या सगळ्या संगीताचा अर्धा अर्थ गेला.

ऐकायची एक रीत सुचवतो. ‘मेटाफिजिक्स’ आठवडाभर ठेवा. पहिल्या दोन दिवशी पियानोकडे लक्षच देऊ नका, फक्त डेव्हिसच्या मागे चाला. तिसऱ्या दिवसापासून पोप ऐका, मग हसन. मग मॅक्स रोचबरोबरचा त्रिकुटाचा अल्बम लावा. तिथे तोच बास एका महान ड्रमवादकाच्या शेजारी कसा वागतो ते ऐका. त्यानंतर ‘व्हिलेज गेट’ काढा आणि थेट ‘आफ्रिका’ लावा. हेडफोन घाला, आवाज थोडा वाढवा. एल्विनच्या गडगडाटातून दोन बास एकमेकांशी बोलायला लागतात ती जागा येईल. टेपेत ते पुसट आहे, पण एव्हाना त्यांतला एक हात तुमच्या ओळखीचा झालेला असेल.